यंत्रांची शेजारती

देवांच्या निद्रेची तिथी पंचांगात छापलेली असते, ही आपल्या धर्माने करून ठेविलेली एक मोठी प्रशासकीय सोय आहे. आषाढ शुद्ध एकादशीस श्रीविष्णूंनी शेषावर आडवे व्हावे, कार्तिक शुद्ध एकादशीस उठावे, आणि मधल्या चार महिन्यांत लग्नमुंजींसारख्या जबाबदारीच्या कामांची दरखास्त त्यांच्याकडे कोणी पाठवू नये, हा हुकूम इतका जुना, इतका स्पष्ट आणि इतका बिनबोभाट अंमलात असलेला आहे की, कोणत्याही मुख्य कचेरीतून निघालेले दुसरे परिपत्रक एवढा काळ टिकल्याचे ऐकिवात नाही. परंतु त्याच सुमारास पंढरपुरात जाऊन पाहावे तो निराळाच प्रकार दृष्टीस पडतो. यात्रेची गर्दी वाढू लागताच विठोबाचा पलंग शेजघरातून बाहेर काढतात, काकडा आणि शेजारती बंद होतात, देवाच्या पाठीशी लोड देतात, आणि शास्त्राप्रमाणे ज्याने चार महिन्यांच्या निद्रेस आरंभ करावयाचा, तोच अहोरात्र उभा राहून दर्शन देत असतो. यात्रा पांगून प्रक्षाळपूजा झाली म्हणजे मगच त्याला पाठ टेकावयास मिळते. निद्रेचा नियम सर्वांना लागू करावा आणि ज्याच्या दारात खरी रांग लागली आहे त्याला त्यातून मुभा द्यावी, एवढा व्यवहार आमच्या बडव्या-पुजाऱ्यांना कित्येक शतकांपूर्वी कळला होता. संगणकखात्याला तो अजून कळावयाचा आहे.

हे आठवण्यास निमित्त झाले ते एका सहकारी पतपेढीच्या परिपत्रकाचे. या पतपेढीची मुख्य कचेरी अमरावतीस असून तिच्या शाखांपैकी सर्वांत मोठी आणि सर्वांत मानी शाखा अकोल्यास आहे. तिच्याशी माझा जुना ऋणानुबंध आहे. त्यात ऋण किती आणि अनुबंध किती याची फोड तिच्या वसुली खात्याने करून ठेविलेली असल्यामुळे मी ती पुन्हा करीत नाही. परिपत्रकाचा मजकूर असा की, विजेचा अपव्यय टाळण्याच्या हेतूने, संचालक मंडळाच्या ठरावान्वये, सर्व शाखांतील संगणकांचे पडदे दहा मिनिटांच्या निष्क्रियतेनंतर अंधारावेत व तीस मिनिटांच्या निष्क्रियतेनंतर संगणक निद्रिस्त व्हावेत, अशी तजवीज मुख्य कचेरीतूनच करण्यात येत असून कोणाही सेवकाने तीत परस्पर फेरफार करू नये. केल्यास तो कसूर समजण्यात येईल. ही शेवटची ताकीद वास्तविक अनावश्यक होती. फेरफार करण्याची कळच सेवकांच्या हातून काढून घेतलेली होती आणि ती जिथे पूर्वी असे तिथे आता, ही बाब आपल्या प्रशासकाच्या अखत्यारीतील आहे, अशा अर्थाची एक ओळ तेवढी दिसत होती.

हेतूबद्दल कोणाचा वाद असण्याचे कारण नाही. नुसता चालू राहिलेला, कोणी हात न लावलेला मेजावरचा संगणक साठेक वॅट वीज खात बसतो असे धरले, तर संध्याकाळी कचेरी बंद झाल्यापासून सकाळी उघडेपर्यंतच्या १४ तासांत ४० यंत्रांवर तेहतीस युनिटांहून अधिक वीज खर्ची पडते, आणि ती कोणाच्याही उपयोगास येत नाही. तेच यंत्र निद्रिस्त असेल तर स्मृती जागी ठेवण्यापुरती दोन-तीन वॅट वीज त्यास पुरते. पडद्यावर रंगीत मासे पोहत ठेवले म्हणजे वीज वाचते, अशी जी समजूत आमच्या कचेऱ्यांत अनेक वर्षे नांदत होती, ती मात्र निव्वळ भाबडी होय. ते मासे जुन्या काचनळीच्या पडद्यावर एकाच चित्राचा कायमचा डाग पडू नये म्हणून सोडलेले होते, आणि त्यांना पोहण्यासाठी पूर्ण वीज लागे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९९२ साली 'एनर्जी स्टार' नावाची सनद काढून जी यंत्रे आपण होऊन झोपतात त्यांना ती बहाल करण्यास प्रारंभ केला, तेव्हापासून झोपणे हा यंत्रांचा गुण ठरला. माणसांच्या बाबतीत असा ठराव अद्याप कोणत्याही कचेरीने केलेला नाही. अंमलबजावणी मात्र पुष्कळ ठिकाणी आहे.

अडचण अशी होती की, झोपण्याची विद्या प्रत्येक यंत्राला अवगत असूनही सर्वांना एका जागेवरून झोपविण्याची विद्या कारभाऱ्यांना नव्हती. विंडोज २००० पासून मुख्य कचेरीने शेकडो यंत्रांवर धोरणे जारी करण्याची व्यवस्था आली. परंतु भिंतीचा रंग कोणता असावा आणि परवलीचा शब्द किती अक्षरी असावा हे मुख्य कचेरी ठरवू शके, यंत्राने केव्हा डोळे मिटावे हे मात्र तिच्या हाती नसे. एक्सपीच्या सबंध अमदानीत हीच परिस्थिती होती. २००७ साली व्हिस्टा सर्वत्र विक्रीस आली आणि तिच्याबरोबर निद्रेचे कलम प्रथमच मध्यवर्ती धोरणांच्या बाडात दाखल झाले. व्हिस्टेला लोकांनी पुष्कळ दूषणे दिली. हे एक पुण्यकृत्य तिच्या नावावर जमा आहे, ते कोणी सांगत नाही.

आता अमरावतीहून अकोल्यास हुकूम जाणे ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. इंग्रजांनी आरंभी वऱ्हाडचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करून एकाचे ठाणे अमरावतीस व दुसऱ्याचे अकोल्यास ठेविले होते. पुढे एकच विभाग होऊन आयुक्तांची कचेरी अमरावतीस राहिली, ही गोष्ट अकोल्याने तोंडाने मान्य केली असली तरी मनाने ती तहकूब ठेविली आहे. अमरावतीकरांनी अंबादेवीचा, रुक्मिणीहरणाचा आणि विद्यापीठाचा उल्लेख करावा, की अकोलेकरांनी कापसाच्या बाजाराचा, राजराजेश्वराचा आणि कृषी विद्यापीठाचा करावा. आपले १९६९ चे आणि त्यांचे १९८३ चे, एवढे गणित अकोल्यातील पोरसोर कारकुनासही तोंडपाठ असते. दोन्ही शहरांच्या मध्ये सारे मिळून शंभरेक किलोमीटरांचे अंतर, आणि २०२२ च्या जूनमध्ये याच मार्गावर कामगारांनी रात्रंदिवस खपून डांबरीकरणाचा ७५ किलोमीटरांचा एकेरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड पुरा केला, त्याची जागतिक विक्रमांच्या ग्रंथात नोंद झाली. एवढ्या काळात एखादी नस्ती बडनेऱ्यापर्यंत पोहोचली तरी आमच्याकडे लोक समाधान मानतात.

संगणकाचा हुकूम मात्र त्याहून वेगाने आणि अत्यंत विलक्षण रीतीने जातो. वस्तुतः तो जातच नाही. मुख्य कचेरी हुकूम लिहून आपल्या दफ्तरात ठेवते, आणि शाखेतील प्रत्येक यंत्र दर नव्वद मिनिटांनी, त्यात अर्ध्या तासापर्यंतची कमीअधिक वेळ स्वतःच्या मर्जीने मिळवून, आपण होऊन विचारावयास येते की, माझ्यासाठी काही नवी आज्ञा आहे काय? मोगलाई, निजामशाही, रेसिडेन्सी आणि मंत्रालय इतक्या सत्ता पाहिलेल्या वऱ्हाडच्या भूमीत, दीड दीड तासाने आपण होऊन ताबेदारीची चौकशी करणारा नोकर यापूर्वी कधी निपजला नव्हता, आणि तो अकोला शाखेत निपजावा याचे मुख्य कचेरीस भरून आले असल्यास नवल नाही. फक्त या ताबेदारीत एक भोक राहून गेले होते. निद्रिस्त यंत्र काही विचारावयास येत नाही; सबब, 'झोपेचे प्रमाण कमी करावे' असा जो दुरुस्तीचा हुकूम पुढे महिन्याभरात काढावा लागला, तो नेमका ज्यांच्यासाठी काढला त्यांना सोडून इतर सर्वांना मिळाला.

परंतु पहिला तंटा उपस्थित झाला तो हुकुमामुळे नव्हे, अकोला शाखेच्या चपराशामुळे. हा गृहस्थ निवृत्तीस टेकलेला असून गेली कित्येक वर्षे संध्याकाळी शेवटचा कारकून बाहेर पडला की, भिंतीवरचा मुख्य खटका खाली ओढून मगच कुलूप लावीत असे. मध्यवर्ती वीजव्यवस्थापन म्हणून ज्याला मोठमोठ्या कंपन्या पैसे मोजतात, ते हा मनुष्य एका हाताने आणि कोणत्याही परवान्याविना करीत आला होता, आणि त्याच्या पद्धतीत रात्रीचा वीजखर्च दोन-तीन वॅट नसून शून्य होता. त्याच्या हाताखाली काही यंत्रे व्यवस्थित बंद न करताच गतप्राण होत, आणि वर्षाकाठी एखाद्या तबकडीवरील नोंदी नासत, हे दूषण त्याच्या पदरी होतेच. तथापि नव्या व्यवस्थेत रात्री यंत्रांना जागे करून त्यांच्यात नव्या दुरुस्त्या भरावयाच्या असल्यामुळे त्यांना वीज मिळत राहणे आवश्यक होते. तेव्हा शाखाधिकाऱ्यांनी त्याला बोलावून समजावले.

"काका, उद्यापासून मेन पाडायची नाही. कम्प्युटर आता आपोआप झोपून राहतात."

"झोपू द्या ना साहेब, माहं काय जाते. पण झोपले हायेत, तं मंग लाइन काहून खाऊन राह्यले?"

या प्रश्नास अमरावतीकडून आजतागायत उत्तर आलेले नाही. माझ्या मते ते येणे शक्यही नाही. कारण ऊर्जाबचतीच्या ज्या ठरावाने शून्याचे दोन वॅट झाले, त्याचे समर्थन करण्यास जी मखलाशी लागते ती संचालक मंडळापाशी आहे, संगणकखात्यापाशी नाही. काकांनी पुढे मध्यम मार्ग काढला. ते मुख्य खटक्यास हात लावीनासे झाले, पण संगणकांचे खटके एकेक करून, कोणी पाहत नाही असे पाहून, बंद करू लागले.

यानंतरची सारी भानगड त्या 'निष्क्रियता' या एका कल्पनेपोटी उद्भवली. यंत्राच्या लेखी, ज्याची कळ दाबली जात नाही आणि ज्याचा उंदीर हलत नाही तो मनुष्य निष्क्रिय होय. ही व्याख्या ज्या कोणी केली त्याने खरिपाच्या तोंडावर वऱ्हाडातील पतपेढीची खिडकी पाहिलेली नसावी. मृगाच्या आधी पीककर्जासाठी आलेला शेतकरी सातबारा पुढे सरकवून प्रथम पावसाचे विचारतो, मग कापसाच्या भावाचे, मग बियाण्याच्या काळ्या बाजाराचे, मग कारकुनाच्या वडिलांच्या गुडघ्याचे. आणि जो कारकून या चारही प्रश्नांना उत्तरे न देता थेट व्याजाच्या दरावर येईल, त्याला त्या पंचक्रोशीत कोणी ठेव देणार नाही. हा संवाद म्हणजे पतपेढीचा खरा व्यवसाय. त्यात दोन्ही हात टेबलावर असतात, दहा मिनिटे उलटतात, आणि नेमके कर्जाची रक्कम सांगावयाच्या क्षणी पडदा अंधारतो.

"काऊन बाप्पा, मशीन झोपली का?" शेतकरी सहानुभूतीने विचारतो, आणि कारकून परवलीचा शब्द टंकू लागतो, जो मेजावरील काचेखाली, कुलदैवताच्या चित्राच्या मागे, चिठ्ठीवर लिहून ठेविलेला असतो. दिवसाकाठी तो इतक्या वेळा टंकावा लागू लागला की, काही दिवसांत तो खिडकीवरील नियमित खातेदारांनाही पाठ झाला. सुरक्षिततेसाठी केलेली व्यवस्था शेवटी कुठे जाऊन पोहोचते याचा हा एक नमुना.

याच्या उलट, ज्यांचे हात अखंड चालत असत त्यांची यंत्रे कधी झोपली नाहीत. वसुली खात्यातील एक तरुण गृहस्थ दुपारभर पत्त्यांचा एकांती डाव मांडून बसत. त्यांचे यंत्र संपूर्ण शाखेत सर्वांत जागृत म्हणून मासिक अहवालात नमूद झाले. रोखपाल बिचारे नोटांच्या गड्ड्या मोजीत असत, त्यांचे यंत्र निष्क्रियतेच्या यादीत अग्रस्थानी होते.

मग अपवाद सुरू झाले. पहिली मुभा रोखपालास मिळाली, आणि ती रास्तच होती. दुसरी, ज्या कारकुनाच्या यंत्राला शाखेचे एकमेव छपाईयंत्र जोडलेले होते त्यास मिळाली. कारण त्या कारकूनबाई मुलाच्या शाळेत सभेला गेल्या म्हणजे त्यांचे यंत्र झोपे, आणि इतर सर्वांच्या पावत्या कुठेतरी अधांतरी रांग लावून उभ्या राहत. तिसरी हिशेबनिसास. ज्या प्रणालीत पतपेढीचा जमाखर्च लिहिला जाई तिचा परवाना हिशेबनिसाच्या यंत्रात राहत असे, आणि ते यंत्र निद्रिस्त झाले की बाकीच्या यंत्रांना परवाना सापडेना. परवाना सापडला नाही म्हणजे ही प्रणाली स्वतःला विद्यार्थिदशेत समजू लागते आणि महिन्याच्या पहिल्या, दुसऱ्या व एकतिसाव्या तारखेवाचून दुसरी तारीख मान्य करीत नाही. एके दिवशी हिशेबनीस जेवावयास गेले असता अकोला शाखेतील सारा व्यवहार त्यामुळे महिन्याच्या दोन टोकांना जाऊन साचला; आणि मधले अठ्ठावीस दिवस वऱ्हाडात कोणीच काही देणेघेणे केले नाही असे दिसू लागले. लेखापरीक्षकांनी नंतर जो शेरा मारला तो मी वाचला आहे, पण तो पतपेढीच्या खाजगी दफ्तरातील असल्यामुळे येथे देत नाही.

एकदा तिघांना मिळाली म्हटल्यावर मुभा हा मानाचा विषय झाला, आणि मान म्हटला की वऱ्हाडी मनुष्य मागे राहत नाही. जुन्या काळी इनामपत्रांवरून घराण्यांत ज्या ईर्ष्या चालत त्या आता 'माझ्या यंत्रास निद्रा माफ आहे' या वाक्यावरून चालू लागल्या. ज्येष्ठ लिपिकांनी सेवाज्येष्ठतेच्या आधारे अर्ज केला, संघटनेच्या सचिवांनी पदाच्या आधारे, आणि एकाने तर आपण स्वतःच रात्री झोपत नसल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले. ज्यांचे अर्ज नामंजूर झाले त्यांनी स्वावलंबनाचा मार्ग धरला. प्रकाशावर चालणारा उंदीर सेकंदकाटा असलेल्या मनगटी घड्याळाच्या काचेवर ठेविला म्हणजे काटा फिरेल तसतसा यंत्रास उंदीर हलल्याचा भास होतो आणि यंत्र जागे राहते, ही युक्ती जगभरच्या कचेऱ्यांत ठाऊक आहे. ती अकोल्यास कोणी आणिली हे कळत नाही, पण पंधरवड्यात शाखेतील निम्म्या मनगटांवरून घड्याळे उतरली, आणि वेळ पाहण्यासाठी लोक एकमेकांचे उंदीर उचलू लागले.

अमरावतीच्या प्रशासकाने हे हेरण्यासाठी यंत्रांचीच जबानी घेतली. झोपेस कोण आड येते हे विचारण्याची एक आज्ञा यंत्रात असते आणि ती दिल्यावर यंत्र निर्मळ मनाने नावे सांगते. तीत घड्याळांचा पत्ता लागला नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने तो प्रामाणिक हात होता. मात्र सहा यंत्रांनी ध्वनिव्यवस्थेचे नाव घेतले. तपास करता कळले की, कोपऱ्यात बारीक आवाजात अभंग चालू ठेविले म्हणजे यंत्र झोपत नाही, असा शोध ठेव खात्यास लागला होता. भक्तीवर कारवाई कशी करावी हा पेच पडून ते प्रकरण कार्यकारी समितीकडे गेले आणि तिथेच आहे.

मुख्य कचेरीतील मंडळी या साऱ्याला अकोल्याचा आडमुठेपणा म्हणत. मला तसे वाटत नाही. वरून कोणीतरी वीज सोडावी आणि कोणीतरी तोडावी, हा प्रयोग वऱ्हाडावर संगणकांच्या आधी पुष्कळ वर्षे होऊन चुकला आहे. अकोल्यापासून थोड्याच अंतरावर पारस येथे २५० मेगावॉटचे दोन संच धुराडी वर करून उभे आहेत. शेगावहून निघालेली श्रीगजानन महाराजांची पालखी पंढरीच्या वाटेवर त्यांच्याच गावावरून अकोल्यात येते. तथापि राज्यात विजेची टंचाई शिगेस पोहोचली होती त्या काळात, २००५ नंतरची काही वर्षे, याच धुराड्यांच्या छायेतील खेड्यांनी रात्री कंदिलावर काढल्या, कारण कोणत्या वाहिनीवर गळती आणि थकबाकी किती यावरून भारनियमनाचे गट दूर कुठेतरी ठरत असत. शेतीच्या पंपांना दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास अशी आलटूनपालटून वीज मिळे, आणि रात्रीची पाळी आली की पाणी देण्यासाठी माणसास अंधारात, विंचूकाट्यात उभे राहावे लागे. त्यावर आमच्या शेतकऱ्याने स्वयंचलित खटका बसविला. लाइन आली की पंप आपोआप सुरू, शेतकरी आपल्या खाटेवर. मुख्य कचेरीच्या वेळापत्रकास मनुष्याने दिलेले याहून सभ्य उत्तर मला ठाऊक नाही.

त्यात घोटाळा एवढाच झाला की, लाइन येताच गावातील सगळेच पंप एका क्षणी सुरू होत आणि तो धक्का सहन न होऊन डीपी जळे. मग आठ आठ दिवस कोणाचाच पंप चालत नसे. वीज कंपनीने हे खटके काढा आणि कॅपॅसिटर बसवा म्हणून वर्षानुवर्षे विनवण्या केल्या. संगणकांच्या धोरणात प्रत्येक यंत्र नव्वद मिनिटांत अर्ध्या तासापर्यंतची आपली खाजगी वेळ मिळविते, ती नेमकी याच कारणास्तव, की सर्वांनी एकदम दार ठोठावू नये. ज्यांनी ही योजना केली त्यांनी डीपी जळताना पाहिलेली नसणार, पण बुद्धी तीच. दुर्दैवाने आमच्या पतपेढीच्या प्रशासकाने यंत्रांना सकाळी उठविण्याची वेळ ठरविताना ही बुद्धी वापरली नाही. पावणेदहा म्हणजे पावणेदहा, असा त्याने सर्वांना एकच मुहूर्त दिला. त्याच मुहूर्तावर काका शाखेतील कूलर सुरू करीत. आणि पहिल्याच सोमवारी अकोला शाखेचा यूपीएस अशा स्वरात किंचाळला की, बाहेर रांगेत उभे असलेले निवृत्तिवेतनधारक दरोडा पडला असे समजून पांगले.

या उठविण्याच्या विधीविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सबंध प्रकरणात मला तो एकच भाग खरोखर मनोहर वाटतो. निद्रिस्त यंत्राला जाळ्यावरून हाक मारण्याची जी पद्धत आय.बी.एम. आणि ए.एम.डी. या कंपन्यांच्या पुढाकाराने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात रूढ झाली, तिच्यात प्रथम सहा वेळा एकच ठराविक अक्षर उच्चारतात, आणि मग ज्याला उठवावयाचे त्या यंत्राचे नामाभिधान बरोबर सोळा वेळा घेतात. सारे मिळून १०२ अक्षरांचे हे स्तोत्र. पंधरा नाही, सतरा नाही, सोळा. काकड्याच्या वेळी षोडशोपचारांनी देव जागा करणाऱ्या संस्कृतीत वाढलेल्या माणसाला यात परकेपणा वाटण्याचे काहीच कारण नाही. यंत्र बाकी सर्वांगाने झोपलेले असते; त्याचा एक कान, म्हणजे जाळ्याचे कार्ड, तेवढा दोन वॅटांपैकी आपला वाटा घेऊन जागा असतो, आणि आपले नाव सोळा वेळा ऐकले की तो उरलेल्या देहास हलवितो. ऐकले की नाही याची पोच मात्र तो देत नाही. हाक मारणाऱ्याने श्रद्धा ठेवून बसावे एवढेच त्याच्या हाती. अमरावतीचा प्रशासक रोज मध्यरात्री अकोल्याच्या प्रत्येक यंत्राचे नाव सोळा सोळा वेळा घेत होता, आणि काकांनी संध्याकाळी खटके बंद केलेली ती यंत्रे कान नसल्यामुळे ऐकत नव्हती. ही एकतर्फी भक्ती सुमारे दोन महिने चालली.

रात्री ज्या काही यंत्रांचे खटके काकांच्या नजरेतून सुटत, त्यांच्यावर निराळे संकट येई. साध्या निद्रेत अर्धवट राहिलेले काम विजेच्या आधारावर स्मृतीत तरंगत असते. मध्यरात्री लाइन गेली की ते तसेच विरून जाते. त्यावर उपाय म्हणून झोपण्यापूर्वी सर्व स्मृती तबकडीवर उतरवून ठेवण्याची शीतनिद्रा असते, आणि दोहोंचा मिलाफ असलेली एक मिश्र निद्राही असते. ज्या देशांत हे धोरण लिहिले गेले तिथे लाइन जाणे ही वर्तमानपत्रात येण्यासारखी घटना असल्यामुळे त्यांनी पहिली निद्रा पसंत केली. आमच्या प्रशासकाने ते जसेच्या तसे उचलले. अकोल्याने 'मिश्र निद्रा मिळावी' असा ठराव करून पाठविला, तो मंजूर झाला; या संपूर्ण पत्रव्यवहारातील हा एकमेव अर्ज, जो कोणाच्याही मानासाठी केलेला नव्हता.

राहता राहिला विजेच्या बिलाचा प्रश्न, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप. परिपत्रक निघाले होते पावसाळ्याच्या आधी, त्याची तामिली पुरी होता होता दसरा उजाडला, आणि १४ डिसेंबर रोजी राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनाचे औचित्य साधून मुख्य कचेरीने आढावा घेतला, तो अकोला शाखेचे बिल मेच्या मानाने निम्म्याहूनही खाली आलेले आढळले. अध्यक्षांनी अभिनंदनाचे पत्र पाठविले. त्यात दूरदृष्टी, आधुनिकता आणि सामूहिक इच्छाशक्ती यांचा उल्लेख होता. दिवाळीच्या सुमारास शाखेतील आठही कूलर पुसून, खाली गवताच्या ताट्या काढून, माळ्यावर चढविण्यात आले होते, याचा नव्हता. शाखाधिकाऱ्यांनी ते पत्र चौकटीत बसवून भिंतीवर लाविले. काका त्याकडे बराच वेळ पाहत होते, पण बोलले काही नाहीत.

वातानुकूलन यंत्रे कारखान्यातूनच २४ अंशांवर बसवून द्यावीत, असा ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचा नियम २०२० सालापासून लागू आहे, आणि अध्यक्षांच्या दालनात त्याचे पालन होते असे म्हणतात. शाखांना हा नियम लागू होण्याचा प्रसंग आलेला नाही, कारण शाखांत वातानुकूलन यंत्रे नाहीत. अकोल्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेला तर ती बातमी होत नाही. लोक दुपारी रस्ते मोकळे सोडतात, डोक्याला दुपट्टा बांधतात आणि कूलरमध्ये पाणी ओततात. सबब, पुढील उन्हाळ्यात माळ्यावरील आठही कूलर खाली उतरले, आणि बिल जिथे होते तिथे परत गेले. अमरावतीहून तातडीचे पत्र आले की, धोरण पूर्ववत अंमलात असताना आणि संगणकांची एकूण निद्रा वाढलेली असताना वीजखर्च दुपटीहून अधिक का झाला, याचा सविस्तर लेखी खुलासा आठ दिवसांच्या मुदतीत सादर करावा.

अकोला शाखेने मुदतीत खुलासा पाठविला. त्यात, आवश्यक ते संदर्भ व जावक क्रमांक दिल्यानंतर, कारणांच्या रकान्यात 'मे महिना' एवढेच लिहिलेले होते. तो त्रोटक व असमाधानकारक ठरवून फेरखुलासा मागविण्यात आला आहे.